मुकादमाचं रीडिंग

आमच्या घरात सध्या बातमी एकच असते: मुकादमाला लघवी झाली की नाही. बाकीच्या जगात काय चाललंय ते शेजारच्यांच्या टीव्हीमुळे भिंतीतून ऐकू येतं, पण त्याचा नंबर नंतर.

मुकादम म्हणजे आमचा बोका. वय वर्षं सात, रंग राखाडी, छातीवर एक पांढरा डाग, जेवताना सांडून घेतल्यासारखा. नाव बायकोने ठेवलं. घरात कोणी काम काढलं की हा येऊन उभा राहायचा, कामाला पंजा लावायचा नाही, आणि काम नीट होत नाहीये हे चेहऱ्यावर दाखवायचा. मी भांडी घासायला लागलो की ओट्याच्या कडेला ह्याची हजेरी. एकदा बल्ब बदलताना शिडीच्या वरच्या पायरीवर मला त्याच्या परवानगीने चढावं लागलं. "अहो, तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं," बायको म्हणायची. वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण मतदान नेहमी दोनास एक व्हायचं.

बायको सात महिन्यांपूर्वी वारली.

त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं पुष्कळांनी आडून आडून विचारलं. मी त्यांना चहा दिला. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. आलेल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे साखर घालून चहा मिळाला, एकाचाही कप चुकला नाही, आणि लोक माझ्याकडे जरा घाबरून बघत तो प्यायले.

मी पाण्याच्या खात्यात मीटर वाचायचो. चौतीस वर्षं. मीटर कधी कधी अडकतं. नळाला पाणी येत असतं, घरात आंघोळी चालू असतात, पण आकडे जागच्या जागी. अशा वेळी आम्ही काचेवर बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारायचो आणि तरीही हललं नाही तर वहीत शेरा लिहायचो: मीटर बंद, पाणी चालू. पुढचं काम दुरुस्तीवाल्यांचं. ते कधी यायचे याची मला कल्पना नाही. त्यांचं ऑफिस वेगळ्या मजल्यावर होतं.

तर, मुकादम अडकला हे माझ्या लक्षात आलं नाही. ते आलं मेहुणीच्या. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्यात एक गाडी आणि एक ती. त्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा तिच्या. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पायाने थांबवल्यामुळे तिच्या बोलण्यातही तो गुण उतरला आहे.

त्या रविवारी सकाळी ती माझ्यासाठी डबा घेऊन आली आणि हात धुवायला मोरीकडे गेली. मुकादमाचा वाळूचा ट्रे तिथेच असतो.

"हा कधीपासून बसलाय इथे?"

"कालपासून ये-जा चालू आहे."

"आणि तुम्ही काय करताय?"

"मी म्हटलं, विचार करत असेल."

"भावजी," ती म्हणाली, "वाळूच्या ट्रेमध्ये बसून कोणी विचार करत नाही."

तिने त्याला पोटाखाली हात घालून उचललं, तसा त्याच्या तोंडून एक आवाज आला. दार करकरतं त्या जातीचा. मेहुणीचा चेहरा बदलला. "टॉवेल द्या. हा नको, जुना. आणि चपला घाला, दोन्ही पायांत."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, खिशाला तीन पेनं, हातांवर ओरखड्यांची नक्षी. त्यांनी मुकादमाचं पोट बोटांनी चाचपलं आणि लगेच हात काढला.

"पिशवी संत्र्याएवढी झालीये, आणि दगडासारखी. बोक्यांची नळी मुळात बारीक असते. लघवीतली कच, चिकट गाळ, सगळं मिळून बूच बसतं. लघवी आत तुंबते."

"म्हणजे लाइन चोकअप," मी म्हणालो.

"हो काका, तसंच. फक्त इथे उशीर झाला की तुंबलेलं विष रक्तात उतरतं, आणि हृदय थांबतं."

"आणखी किती वेळ होता?" मेहुणीने विचारलं.

"आज संध्याकाळपर्यंत, कदाचित. उद्या नाही."

"उद्या काय नाही?" मी विचारलं.

मेहुणीने उजवा पाय जमिनीवर दाबला. तिथे ब्रेक नव्हता, पण मी थांबलो.

मुकादमाला भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं, आणि तीन दिवसांनी बुधवारी तो घरी आला. गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. त्यातून तो जगाकडे अशा नजरेने बघत होता की ही तक्रार वरपर्यंत जाणार.

डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले. पाणी भरपूर पोटात गेलं पाहिजे; ओलं जेवण, त्यातही वरून कोमट पाणी. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, नळी सैल राहावी म्हणून. शांत, बंद खोली. "आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिले दोन आठवडे तो किती वेळा करतो आणि किती करतो ते लिहून ठेवायचं. ही वाळू ओली झाली की तिचा गोळा होतो. गोळा लहान, मध्यम, मोठा, आणि वेळ. बारा तास काही झालं नाही तर माझी वाट बघायची नाही, फोन करायचा नाही, सरळ घेऊन यायचं. पुन्हा अडकण्याची भीती आत्ताच जास्त असते. जमेल ना?"

"डॉक्टर," मेहुणी म्हणाली, "ह्या माणसाने चौतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही."

याआधी ती माझ्याबद्दल असं कौतुकाने बोलल्याचं मला आठवत नाही. मी कपाटातून माझी जुनी लांबट वही काढली. निवृत्तीच्या वेळी एक कोरी राहिली होती. रकाने आखले: तारीख, वेळ, आकार, शेरा. पहिल्या दिवशी नुसतं 'मध्यम' लिहून माझं समाधान होईना, म्हणून मी गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन घेतलं. मेहुणीने ते पाहिलं.

"भावजी, ह्याच्यावर ताई पीठ मोजायची."

"खाली कागद घातलाय."

"तो काटा आता ह्या घरात फक्त ह्याच कामाला," ती म्हणाली, आणि त्यावर मार्करने मुकादमाचं नाव लिहून गेली.

आता खोलीचं. आमच्याकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली शांत आणि दार लागणारी खोली एकच, बायकोची. म्हणजे आमची, पण बोलताना तिचीच. मुकादम पूर्वी तिच्या पायाशी तिथेच झोपायचा, त्यामुळे मेहुणीने मला न विचारता ट्रे, वाट्या आणि बोका तिथे नेऊन ठेवले.

मी बाहेरच्या दिवाणावर झोपतो. पाठीला बरं पडतं. त्या खोलीत सात महिन्यांत मी चार वेळा गेलो होतो, चारही वेळा काही काम होतं. खोलीत पलंग, कपाट, खिडकीशी तिची खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर तिचा मातकट रंगाचा स्वेटर. कोपरांशी विरलेला. तिने काढून ठेवला तसा होता. त्याला हात लावण्याचं काही कारण पडलं नव्हतं.

आता दिवसातून सहा वेळा आत जायचं होतं. गुरुवारी गेलो, शुक्रवारी गेलो. मुकादमाने दोन्ही दिवस चोख काम केलं. सकाळी सहा, मध्यम. साडेअकरा, लहान. चार, मध्यम. रात्री नऊ, मोठा, शेरा: उत्तम. आत गेल्यावर मला काही होत नसे. फक्त बाहेर आल्यावर थोडा वेळ बसावं लागे. गुडघ्यांमुळे.

शनिवारी सकाळी सहाला आत गेलो. मध्यम. आठला गोळी दिली. ती देण्याची रीत अशी, की त्याच्या पाठीवर टॉवेल टाकायचा, जबडा उघडायचा, गोळी मागे टाकायची, तोंड मिटायचं, मग पलंगाखाली पडलेली गोळी शोधायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. त्या दिवशी गोळी खुर्चीखाली गेली. मी वाकलो आणि उठताना माझं डोकं त्या स्वेटरच्या बाहीला लागलं. बाही थोडा वेळ हलत राहिली. एवढंच.

दुपारी बारा वाजता मी वही घेऊन दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. आणि तसाच उभा राहिलो.

आमच्या कामात घर बंद असणं नवीन नाही. मीटर आत, कुलूप बाहेर. अशा वेळी मागच्या तीन खेपांचे आकडे बघायचे, मधला काढायचा आणि लिहून पुढच्या घरी जायचं. शेरा: घर बंद, सरासरी. हे नियमात बसतं. दहा वर्षं ज्या घरी जातोय तिथे किती पाणी लागतं हे झाकण न उघडता सांगता येतं. सून माहेरी गेलीये की आलीये हेसुद्धा. माझी सरासरी खात्यात नावाजलेली होती. एकदा घर उघडल्यावर प्रत्यक्ष आकडा वेगळा निघाला, तेव्हा साहेबांनी मीटर बदलायला सांगितलं.

मी वहीत लिहिलं: बारा, लहान.

दार फटीएवढं उघडून जेवणाची वाटी आत सरकवली आणि लावून घेतलं. चार वाजता लिहिलं: मध्यम. संध्याकाळची गोळी कुस्करून जेवणात कालवली आणि तीही वाटी सरकवली. नऊ: मोठा. 'उत्तम' लिहायला घेतलं होतं, पण ते जरा जास्त होईल असं वाटलं. रविवारी सकाळी सहा: मध्यम. एकाही आकड्यापुढे 'घर बंद' हा शेरा मी लिहिला नाही. नोकरीत असतो तर एवढ्यावरून मेमो मिळाला असता.

रविवारी साडेआठला मेहुणी आली. टेबलावरची वही तिने उघडून वाचली आणि मान डोलावली.

"अगदी छापल्यासारखं. नाहीतर मी. माझ्या शिकणाऱ्यांची हजेरी मी हाताच्या पंजावर लिहिते." ती त्याला बघायला खोलीत गेली. मी बाहेर बसून होतो.

"भावजी, ट्रे कोरडा आहे."

"आत्ताच साफ केला."

"वाट्या एकामागे एक दोन आहेत. दोन्ही भरलेल्या."

मी टेबलावरची वही मिटली.

"आणि इथे ओकलाय तो."

मुकादम कपाटाखाली होता. मेहुणीने त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याने विरोध केला नाही. ज्या बोक्याने आयुष्यात कुठलंही काम हरकत घेतल्याशिवाय होऊ दिलं नाही, तो टॉवेलमध्ये गुंडाळला जाताना खिडकीकडे बघत होता.

गाडी मेहुणी चालवत होती, म्हणजे शिकणाऱ्याच्या जागेवर ती आणि शिकवणाऱ्याच्या जागेवर मी, मांडीवर मुकादमाची टोपली. गल्ली संपायच्या आत गाडी दोन आचके देऊन गुरगुरली.

"ओढत का नाहीये ही? भावजी, तुमचा पाय ब्रेकवर आहे का?"

मी खाली बघितलं. होता.

"काढा."

काढला. सिग्नलनंतर गाडी पुन्हा अडखळली.

"भावजी."

"मला कळतच नाहीये," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. पाय माझाच होता, पण तो काय करतोय ते मला बघितल्याशिवाय समजत नव्हतं. शेवटी तिने मला दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसायला लावलं. तसाच मी दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, मग वही मागितली. मी दिली. त्यांनी बोटाने रकाना उतरत आणला.

"पुन्हा अडकलंय असंच वाटत होतं मला. पण तुमच्या वहीप्रमाणे सकाळी सहाला मध्यम गोळा आहे. आत्ता नऊ. तीन तासांत एवढी पिशवी भरत नाही, काका. म्हणजे वाट मोकळी आहे आणि हे दुसरंच काहीतरी आहे." त्या विचारात पडल्या. "मग भुलीची घाई नको. आधी फोटो काढू, रक्त पाठवू. दुपारपर्यंत कळेल."

मेहुणी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. वही अगदी बरोबर आहे त्यांची."

मुकादम टेबलावर एका कुशीवर पडला होता. नरसाळ्याच्या आत त्याचे डोळे अर्धे मिटलेले. मला आठवतं की मी त्या वेळी भिंतीवरचं घड्याळ वाचलं. नऊ वाजून चार मिनिटं. दुपारपर्यंत म्हणजे किती तास ते मी मनात काढलं, आणि ह्या वेळी सरासरी काढली नाही.

"वही धरू नका," मी म्हणालो.

"काय?"

"शनिवार सकाळ सहानंतरचे आकडे खरे नाहीत. मी आत गेलो नाही. घर बंद होतं. सरासरी टाकली."

डॉक्टरीणबाईंना एक अक्षर कळलं नाही. "कुठलं घर बंद होतं?"

मेहुणीला मात्र कळलं. तिच्या ताईने ही गोष्ट तिला शंभरदा हसून सांगितली असणार. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग डॉक्टरांना म्हणाली, "सत्तावीस तास झाले. शेवटचं काल सकाळी सहाला. त्यानंतर काही माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. वही बंद झाली, दोन माणसं आत धावली आणि दार लागलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर एक बाई पिंजऱ्यात पोपट घेऊन बसल्या होत्या. तो दर थोड्या वेळाने कुणालातरी 'बसा' म्हणत होता. आम्ही बसलेलेच होतो.

मेहुणी बराच वेळ गाडीच्या किल्लीशी चाळा करत होती. मग समोर बघत म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"ताईची पण वही होती. ताप, गोळ्या, किती प्यायली, किती झाली. चार महिने. तुम्हीच लिहीत होता." ती थांबली. "त्यातपण...?"

"नाही."

"खरं सांगा भावजी. मी काही म्हणणार नाही."

"नाही. त्यात एकही सरासरी नाही. सगळे आकडे खरे. दर तासाचा. ती झोपली असली तरी मी उठवून मोजायचो, चिडायची माझ्यावर." पोपट 'बसा' म्हणाला. "सगळं बरोबर लिहिलं होतं मी. एकही चूक नाही. वही आहे घरी, बघायची तर."

मेहुणीने किल्ली पर्समध्ये टाकली. बघायची आहे असं ती म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने पर्समधून केळं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. मी खाल्लं. चव होती की नाही ते सांगता यायचं नाही.

बूच निघालं. पण ह्या वेळी जोर लावावा लागला. बुधवारी सकाळी आठला नळी काढून डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला माझ्या ताब्यात दिलं आणि माझ्याशी जरा सावकाश बोलल्या, वहीत खोटं लिहिणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.

"पिशवी दमलीये त्याची. आता स्वतःहून करतोय का, एवढंच बघायचं. आठ तास देते. चार वाजेपर्यंत झाली तर बहुतेक सुटला. नाही झाली तर लगेच आणा, ऑपरेशन करून वाट मोठी करावी लागेल. पण हृदयाला दोनदा मार बसलाय. तिसरी भूल झेपेल की नाही, मी शब्द देणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

"काका, आकडा नसेल तर रकाना रिकामा ठेवा. मला रिकामा चालतो."

घरी आल्यावर मी दिवाणावरची गादी गुंडाळून त्या खोलीत नेली आणि ट्रेपासून दोन हातांवर अंथरली. दाराची कडी बाहेरून आहे, ती दोरीने बांधून उघडी ठेवली. मग बसलो.

नऊ. काही नाही. दहा. तीन चमचे ओलं जेवण, वर पाणी. अकरा वीस, ट्रेमध्ये गेला, वाळू उकरली, बसला, उठला. गोळा नाही. बारा. काही नाही. एक दहा, पुन्हा तेच, आणि ह्या वेळी बसल्या बसल्या तो दार करकरल्यासारखा आवाज. मी रकान्यात एक रेघ मारली. वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवत होतं. मुकादमाने छताकडे बघितलं, पण मत दिलं नाही.

मला भीती वाटतेय का, हे मी तपासून पाहिलं. दोन टिचक्या मारल्यासारखं केलं. आकडे जागचे हलले नाहीत.

तीनला तो परत ट्रेमध्ये गेला आणि तिथेच बसून राहिला. आता तो विचार करत नाहीये हे मला माहीत होतं. मी मेहुणीला फोन लावला आणि फोन गादीवर स्पीकरवर ठेवला, कारण हात टोपली काढण्यात गुंतले होते.

"बोला. क्लच. क्लच दाबा. तुम्ही नाही भावजी, माझ्याबरोबर एक आजोबा आहेत. झाली का?"

"नाही. चारपर्यंत थांबायला नको. येतेस का?"

"दहा मिनिटांत. आजोबा, ह्या चौकातून डावीकडे. शिकवणी आज थोडी लांबणार तुमची. टोपलीत घाला त्याला, खाली काहीतरी मऊ घाला. फोन चालू ठेवा."

मऊ काही नव्हतं. दोन्ही जुने टॉवेल दवाखान्यातून येऊन बादलीत भिजत पडले होते, तिसरा सलाइनने ओला. मी खोलीभर नजर फिरवली. नजर फिरवण्याजोगी खोली नव्हती. हाताशी येईल अशी मऊ वस्तू एकच होती. खुर्चीवरून स्वेटर उचलला. सात महिने त्याच घडीत राहिल्याने खांद्यांवर खुर्चीचे दोन कोपरे उमटले होते. मी तो टोपलीत पसरला, बाह्या आत दुमडल्या. काही वाटलं नाही.

मुकादमाला टोपली कधीच मंजूर नव्हती. तिच्यात जाताना त्याला चार नव्हे, आठ पाय फुटतात. मी त्याच्याकडे वळलो, तर तो ट्रेमधून स्वतःच उतरला, नरसाळं टोपलीच्या काठाला आपटत आत शिरला आणि स्वेटर हुंगू लागला. बराच वेळ हुंगला. एका बाहीवरून दुसऱ्या बाहीवर. मग दोन पंजांनी लोकर आलटूनपालटून दाबली, तिच्या पायाशी झोपण्याआधी दाबायचा तशी. गोल फिरला. बसला. आणि स्थिर झाला, शेपटीचं टोक तेवढं थरथरत.

आधी मला कळलं नाही. मग आवाज आला. बारीक, न थांबणारा. चौतीस वर्षं ज्या आवाजावर कान ठेवून मी गळती शोधली, तो.

"भावजी? काय झालं? बोला काहीतरी."

"होतेय," मी म्हणालो.

"काय होतेय? आजोबा, गाडी बाजूला घ्या. बाजूला. ब्रेक. हां. होतेय? कुठे, ट्रेमध्ये?"

"टोपलीत. अजून चालूच आहे."

पलीकडे आजोबांनी 'कोणाला काय होतेय' असं विचारलेलं ऐकू आलं, आणि मेहुणी त्यांना म्हणाली, "आमच्या बोक्याला लघवी." आजोबा 'अरे वा' म्हणाले.

मुकादम उठला, टोपलीतून बाहेर आला, एक पाय झटकला आणि झाल्या प्रकाराशी आपला संबंध नसल्यासारखा पाण्याच्या वाटीकडे गेला. वाटी अर्धी होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर ती नापसंती होती.

मी वही ओढली. तीन वाजून अठरा. आकाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. गोळा नव्हता. वजन करायचं तर कोरड्या स्वेटरचं वजन माहीत हवं, ते कधी घेतलेलं नव्हतं.

"किती झाली?" मेहुणीने विचारलं.

"स्वेटरभर."

"काय भर?"

"टॉवेल नव्हता. स्वेटर घातला होता खाली."

"कुठला?"

"खुर्चीवरचा."

मला वाटलं फोन कटला. मग ती नाक ओढून म्हणाली, "बरं केलं त्याने. धुवायलाच टाका आता. गार पाण्यात, हां. गरम पाण्यात आटतो तो. ताई ओरडली असती."

मी वहीत लिहिलं: मोजता आलं नाही. भरपूर.

फोन आणि टोपली दोन्ही मोरीत नेले. फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला. स्वेटर बादलीत घालून नळ सोडला. त्याला मुकादमाचा उग्र वास येत होता, आणि त्याच्याखाली अजून एक, तो आता जाणार होता. पाणी आधी पिवळं, मग मातकट, मग नुसतं पाणी झालं. स्वेटर आतून गरम होता. मी त्याच्या कोपरांना साबण लावला, विरल्या जागी हळू. बादली भरली आणि वरून वाहायला लागली. मुकादम दारात येऊन उभा राहिला, नरसाळ्यातून बघत.

लोकांना नळ असा सोडू नका म्हणून सांगण्यात माझी चौतीस वर्षं गेली. दारात उभं राहून सांगायचो, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता.

"भावजी," फोनमधून मेहुणी म्हणाली, "नळ चालू आहे का?"

"हो."

"बंद करा."

"करतो," मी म्हणालो.

आजोबांनी पलीकडे विचारलं, गाडी सुरू करू का. ती म्हणाली, "नको, थांबा थोडं." मग आम्ही तिघं आणि बोका तसेच थांबलो, आणि पाणी चालू राहिलं.